न शिवता खेळलेली कबड्डी

एका जंगलात एकमेकांना न शिवता कबड्डीचा अख्खा सामना झाला, असं मी सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. माझी जाऊ म्हणाली, "काहीही काय सांगता!" किराणावाला हसला. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "शिवल्याशिवाय गुण कसा मिळेल?" जसं काही मला ते माहीतच नाही.

म्हणून आता तुम्हाला सांगते. तुम्ही लहान आहात. नाक पुसा, मांडी घाला, आणि मध्ये मध्ये बोलू नका.

तर त्या जंगलात नदीच्या वळणावर एक मैदान होतं. मऊ मातीचं, सपाट, एकही खडा नसलेलं. तिथे वळणावरचा हौशी कबड्डी संघ खेळायचा.

हौशी म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. दिवसभर आपापल्या पोटामागे हिंडायचं, आणि संध्याकाळी कुणी बोलावलेलं नसताना येऊन गुडघे फोडून घ्यायचे. ह्याला हौस म्हणतात. गुडघे आपलेच असतात, म्हणून कुणी विचारायला येत नाही.

संघाचे अध्यक्ष होते आबासाहेब अस्वल. तरुणपणी त्यांची पकड जंगलात गाजलेली. एकदा मिठी मारली की समोरचा गडी गप्पच. आता वय झालं होतं, पोट सुटलं होतं, म्हणून ते फक्त उद्घाटनं करायचे आणि पाहुण्यांना मिठ्या मारायचे. पाहुणे पुन्हा येत नसत.

चिटणीस होता मुंगूस. तो सगळं वडाच्या पानावर लिहून ठेवायचा. कोण काय बोललं, कोण शिंकलं, सगळं.

कर्णधार होता गेनूतात्या रानडुक्कर. खेळाडू पक्का. पण त्याच्या डोक्यात कबड्डीशिवाय दुसरं काही शिरत नसे. एकदा त्याला बायको म्हणाली, "अहो, पावसाचे दिवस आले, घरात पाणी शिरेल." तर हा म्हणाला, "डावा कोपरा सांभाळ."

आणि चौथी होती साळूबाई.

साळूबाई म्हणजे सायाळ. अंगभर काटे असतात ना, ती. मैदानाच्या अगदी कडेला तिचं बीळ होतं. त्या मैदानातले खडे तिनेच वेचले होते. रोज सकाळी पाणी शिंपडायची. गळून पडलेला काटा घेऊन रेघा आखायची. तिच्यासारखी सरळ रेघ जंगलात कुणाला जमत नसे. पण तिला खेळायला घेत नसत. सात वर्षांपूर्वी ती एकदाच मैदानात उतरली होती. तिघांनी तिची पकड केली आणि तिघेही आठवडाभर नाकातले काटे काढत बसले. तेव्हापासून आया आपल्या पोरांना सांगायच्या, "साळूला शिवायचं नाही हं!"

साळूबाई ऐकायची आणि रेघ आखायची.

आता त्या जंगलाची एक वहिवाट होती. दरवर्षी होळीच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत, मैदानावर दुसऱ्या एखाद्या संघाशी एक पूर्ण सामना झालाच पाहिजे. झाला तर ते मैदान. नाही झाला तर ते कुरण. मग नदीपलीकडच्या गव्यांना तिथे चरायचा हक्क. गवा माहीत आहे ना? तुमचा सगळा वर्ग तागडीत घातला तरी तो भारी भरेल. तसे तीस गवे त्या मैदानावर फिरले असते तर कडेचं बीळ बसलंच असतं. आणि साळूबाईच्या बिळात दोन पिल्लं होती. नुकते कुठे मऊ काटे फुटलेली.

म्हणजे होळीचा सामना बाकीच्यांना हौस होती. साळूबाईला तो घराचा वासा होता.

त्या वर्षी दसरा झाला आणि जंगलात खोकल्याची साथ आली.

कावळा झाडाझाडावर बसून दवंडी देऊ लागला. "ऐका हो ऐका! साथीचं लोण आपल्या जंगलापर्यंत आलंय!"

गेनूतात्याने हे ऐकलं आणि त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. कबड्डीत एका बाजूचे सातही गडी बाद झाले की त्याला लोण म्हणतात. समोरच्याला दोन गुण जास्तीचे मिळतात.

"लोण?" गेनूतात्या ओरडला. "आपल्यावर? सातच्या सात गडी इथे उभे आहेत! कोणी चढवलं?"

"साथीचं लोण रे बाबा," कावळा म्हणाला.

"हा साथ संघ कुठला?"

मुंगसाने पानावर लिहून घेतलं. समोरचा संघ: साथ. गुण: दोन.

"अरे, साथ म्हणजे आजार!" कावळा कळवळून म्हणाला.

"असेल," गेनूतात्या म्हणाला. "पण त्यांचा कर्णधार कोण?"

कावळा उडून गेला. त्याला आणखी अठरा ठिकाणी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तो राजाचा हुकूम घेऊन आला. राजा म्हणजे सिंह. तो लांब डोंगरावर राहायचा आणि तिथूनच काळजी करायचा. हुकूम असा होता: कुणी कुणाला शिवू नये. दुसरा हुकूम येईपर्यंत सर्वांनी दम धरावा.

आता तुम्ही मला सांगा, ह्याचा अर्थ काय? दम धरा म्हणजे थांबा, घाई करू नका. तुम्हाला कळलं. तुमच्या शेंबड्या भावालाही कळेल. पण हे कबड्डीवाले. ह्यांचा दम म्हणजे एका श्वासात कबड्डी कबड्डी म्हणत जायचं, तो दम.

"राजाचा हुकूम आहे!" गेनूतात्या छाती काढून म्हणाला. "आपल्या खेळाची एवढी कदर आजवर कुणी केली नव्हती. चला, ओळीत या! दम धरा!"

"किती वेळ?" भेकराने विचारलं.

"दुसरा हुकूम येईपर्यंत."

"तो कधी येणार?"

"ते राजाला माहीत. धर!"

सातही जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि कबड्डी कबड्डी करू लागले. साळूबाई मैदानावर पाणी शिंपडत होती. तिने बघितलं आणि हातातलं भांडं खाली ठेवलं.

"काय चाललंय?"

कुणी उत्तर देईना. उत्तर दिलं असतं तर दम तुटला असता.

"अहो, दम धरा म्हणजे थांबा! घरी बसा! अशी तोंडाला तोंड लावून थुंकी कसली उडवताय?"

भेकर डोळे पांढरे करून आडवं झालं. मग दोन्ही ससे. मग रानमांजर आणि बाकीचे दोघे. शेवटी उरला एकटा गेनूतात्या, जांभळासारखा जांभळा झालेला. तोही धप्पकन पडला. पडल्या पडल्या साळूबाईवरच गुरकावला.

"तू कधी खेळलीस का गं? तुला दमातलं काय कळतं?"

"श्वास घ्यायचा असतो एवढं कळतं."

"मोठी शहाणी! राजापेक्षा जास्त कळतं हिला."

तिसऱ्या दिवशी सातांतले पाच जण खोकत पडले. मुंगसाने राजाला कळवलं की हुकमाप्रमाणे दम धरण्यात आला असून संघाची कामगिरी समाधानकारक आहे.

मग आबासाहेबांनी बैठक बोलावली.

बैठक लांबून होती. अस्वल टेकडीवर, मुंगूस वारुळावर, गेनूतात्या आपल्या चिखलात. साळूबाईला बोलावलं नव्हतं, पण तिचं बीळ मधोमध होतं, त्यामुळे सगळं तिलाच नीट ऐकू येत होतं.

"आबासाहेब!" मुंगूस ओरडला. "तुमचं तोंड हलतंय, पण आवाज येत नाही!"

आबासाहेब बोलत नव्हते. पोळं चघळत होते. ते गिळून झाल्यावर म्हणाले, "संकट मोठं आहे. अशा वेळी घाईने काही करायचं नाही. आराखडा करायचा."

"कशाचा?" चिखलातून आवाज आला.

"तेच आराखड्यात ठरेल."

असा आराखडा सुरू झाला. काय सांगू तुम्हाला! टप्पा एक: परिस्थिती बघणे. टप्पा दोन: बघितलेल्या परिस्थितीवर बैठक घेणे. टप्पा तीन: परिस्थिती निवळल्यास खेळणे. न निवळल्यास टप्पा एक. मग स्पर्श उपसमिती नेमली. शिवणं म्हणजे नक्की काय, हे ठरवायला. शेपटी लागली तर शिवलं का? सावली पडली तर? उपसमितीने सावलीवरच मार्गशीर्ष घालवला.

गड्यांना सांगण्यात आलं की आपापल्या घरी सराव करा. गेनूतात्या रोज एका मोहाच्या झाडाची पकड करू लागला. आठ दिवसांत झाड उपटलं. ससे आपल्याच बिळात चढाई करायचे आणि आपणच बाद व्हायचे. कोण जिंकलं, ह्यावरून दोघांचं भांडण होऊन बोलणं बंद झालं.

शिवाय संघाने मदत पथक काढलं. म्हाताऱ्या जनावरांना बोरं पोचवायची. चांगलं काम होतं, मी नाव ठेवत नाही. पण सगळ्यात जवळ राहायचं म्हातारं कासव. म्हणून बोरं सारखी त्यालाच पोचायची. दर वेळी लांबून आबासाहेबांचं भाषण. पाचव्या वेळी कासव म्हणालं, "बोरं ठेवा आणि जा. भाषण मला पाठ झालंय." पलीकडच्या ओढ्याकाठी म्हातारी हरणी होती. तिच्याकडे साळूबाई स्वतःच बोरं घेऊन जायची. बोरं दगडावर ठेवायची, चार पावलं मागे सरायची. हरणी यायची, खायची, आणि मग दोघी लांबूनच गप्पा मारायच्या.

माघ महिना लागला. पळसाला कळ्या आल्या. साळूबाईने एकदा बिळातल्या पिल्लांकडे बघितलं, एकदा नदीपलीकडे बघितलं. तिथे गवे आत्तापासून काठावर येऊन उभे राहत होते आणि मैदानाकडे बघून रवंथ करत होते.

त्या दिवशी ती बैठकीत सरळ जाऊन उभी राहिली.

"आबासाहेब, मला बोलायचंय."

"विषयपत्रिकेत नाही," मुंगूस म्हणाला.

"मग लिही विषयपत्रिकेत. तुझ्याकडे पानं आहेत की बख्खळ." ती अस्वलाकडे वळली. "न शिवता खेळता येतं. मी करून बघितलंय. चढाई करणाऱ्याने हातात लांब काडी घ्यायची. काडीच्या टोकाला रंग. ज्याला रंग लागला तो बाद. पकड करायची तर मिठी मारायची नाही. त्याच्याभोवती लांबून काटक्यांनी रेघ ओढत न्यायची. तो मध्यरेषेपर्यंत परत जायच्या आत रेघेचं कडं पूर्ण झालं, तर तो बाद."

"आणि दम?" गेनूतात्या चिखलातून म्हणाला. "दम कसा घालणार? थुंकी उडते, म्हणून तूच बोंबलत होतीस ना?"

"तोंडाला वडाचं पान बांधायचं. कबड्डी कबड्डी म्हणतोय तोवर पान फडफडतं. चोरून श्वास घेतला की पान तोंडाला चिकटतं. पंचाला लांबून दिसतं. तुम्ही लोक इतकी वर्षं चोरून श्वास घेता, तेही बंद होईल."

गेनूतात्याने मान चिखलात घातली. सूचनेत चूक काढायला जागा नव्हती, आणि चूक काढल्याशिवाय बाकीच्यांना बोलता येत नसे.

शेवटी आबासाहेब खाकरले. "साळे, ह्या खेळाला परंपरा आहे. पकड म्हणजे मिठी. तुला आयुष्यात कुणी मिठी मारली नाही, म्हणून तू खेळातली मिठीच काढून टाकायला निघालीस होय?"

मुंगूस फिसकन हसला. लिहूनही घेतलं.

साळूबाईचे काटे एकदम उभे राहिले, मग हळूहळू खाली बसले.

"होय आबासाहेब," ती म्हणाली. "सात वर्षांत मला कुणी शिवलं नाही. तुम्हाला चार महिने झाले तर तुम्ही चौदा बैठका घेतल्या. मला विचारलं असतंत तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, लांब राहून कसं जगायचं ते."

"तुझी सूचना उपसमितीकडे पाठवतो," आबासाहेब म्हणाले.

उपसमिती अजून सावलीवरच होती.

होळीचा दिवस उजाडला. पळस केशरी झाला. आणि नदीतून पाणी उडवत गवे आले. पुढे थोरला गवा, मागे एकोणतीस. थोरल्याच्या पाठीवर पंच बसलेला. पंच म्हणजे बगळा. तो दरवर्षी गव्याच्या पाठीवर बसूनच यायचा, आणि तरीही त्याला कुणी काही म्हणत नसे. पांढरा होता ना!

थोरल्याने मैदानाच्या कडेला नाक लावून वास घेतला. कडेची माती जराशी खचली. आतून पिल्लं चिरकली. साळूबाई पळत येऊन बिळाच्या तोंडाशी उभी राहिली.

"काय अस्वलभाऊ," थोरला म्हणाला, "सामना कुठाय?"

आबासाहेब लांबून म्हणाले, "आराखडा तयार आहे! चिटणीस, वाचा!"

मुंगूस वाचू लागला. टप्पा एक. पानांचा ढीग त्याच्यापेक्षा उंच होता. थोरला गवा शांतपणे ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याने ढिगातली वरची दोन पानं खाल्ली.

"चांगला आहे आराखडा," तो म्हणाला. "जरा कडू आहे."

"मावळतीपर्यंत सामना झाला नाही, तर कुरण," बगळा एका पायावर उभा राहून म्हणाला.

"थांबा!" साळूबाई म्हणाली. "सामना आहे. आमचा आणि तुमचा."

गवे हसले. तीस गवे हसले की काय होतं माहीत आहे? नदीतले मासे बुडी मारतात.

"तुझ्याशी कोण खेळणार?" थोरला म्हणाला. "नाकात काटे कोण घालून घेणार?"

"शिवायचंच नाहीये. नियमच तसा आहे. नसेल हिंमत तर चरा खुशाल. मी जंगलभर सांगीन, गवे सायाळीला घाबरले आणि गवत खात बसले."

"ए! कोण घाबरतं?"

"मग उतरा मैदानात. तोंडाला पान बांधा."

थोरल्याचं नाक फुरफुरलं. त्याचं आपल्या कळपासमोर हसं होणार होतं. तो म्हणाला, "पंच, ह्याला सामना म्हणायचं का?"

बगळ्याने दुसरा पाय खाली ठेवला. "दोन बाजू, सात सात गडी, दोन डाव, मधे एक रेघ. आणि राजाचा हुकूम आहे, कुणी कुणाला शिवायचं नाही. एकजण जरी शिवला तर सामना रद्द. एवढं पाळलंत तर सामना."

साळूबाईने गडी गोळा केले. भेकर बरं झालं होतं. ससे बरे झाले होते, पण एकमेकांशी बोलत नव्हते. त्यामुळे लांब लांब उभे राहायला ते उत्तमच होते. घोरपड आली. म्हातारं कासव आलं. म्हणालं, "बोरं फार खाल्लीत, हलायला हवं." हे झाले सहा. सातवा मिळेना.

सगळे गेनूतात्याकडे बघू लागले.

"ही कबड्डी नाही," तो म्हणाला.

"नसू दे," साळूबाई म्हणाली. "पण तात्या, सातवा गडी नसेल तर संध्याकाळी इथे कुरण असेल. मग तुम्ही कबड्डी कुठे खेळणार? मोहाच्या झाडाशी? तेही तुम्ही उपटलंत."

गेनूतात्या चिखलातून निघाला. "मी खेळत नाहीये. मी फक्त उभा राहतोय," तो म्हणाला आणि डाव्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

सामना सुरू झाला.

पहिल्याच चढाईत कळलं की आपण हरणार. गव्यांनी काडी शेपटीत धरली. शेपटी केवढी लांब! कासव जागेवरच केशरी झालं. म्हणालं, "बरं झालं, लवकर बसायला मिळालं." पण गव्यांना रेघ ओढता येईना. खूर मोठे, रेघ फाटायची, कडं पूर्ण व्हायचं नाही. आणि साळूबाई! मुलांनो, साळूबाई चढाईला गेली तेव्हा तुम्ही बघायला हवं होतं. सात वर्षं तिने त्या मैदानाच्या कडेला बसून बघितलं होतं. कोण कुठे पाय टाकतो, कोण कधी कंटाळतो, सगळं तिला ठाऊक होतं. तोंडावरचं पान फडफडत होतं. ती डावीकडे झुकली, उजवीकडून काडी फिरवली आणि दोन गव्यांच्या गुडघ्यांना पळसाचा रंग लावून रेघेपलीकडे परत आली.

आणि भुतासारखी हसत सुटली. पान फाटलं, दुसरं बांधावं लागलं.

दुसऱ्या डावात गेनूतात्यालाही चेव आला. थोरला गवा चढाईला आला, तेव्हा ह्याने नाकाने अशी रेघ ओढली, अशी रेघ ओढली, की कडं पूर्ण व्हायला वीतभर उरलं. थोरला परत वळला. गेनूतात्याचं भान सुटलं. डोळे लाल झाले. आयुष्यभराची सवय. त्याने पाय रोवले आणि मिठी मारायला झेप घेतली.

शिवला असता तर सगळं संपलं असतं.

साळूबाई मधे आली, पाठ वळवली, आणि अंगावरचा एकूण एक काटा उभा केला. सळसळ असा आवाज झाला. गेनूतात्या तिच्यापासून बोटभर अंतरावर, नाक वर करून थांबला.

"दम धरा तात्या," ती म्हणाली.

ह्या वेळी त्याला अर्थ कळला.

सूर्य टेकला. दुसरा डाव संपला. गवे अठ्ठावीस, वळणावरचा संघ सतरा. हरले सपशेल. पण सामना झाला होता! थोरला गवा घामाने निथळत होता, गुडघे केशरी झाले होते, आणि तो चक्क हसत होता. "पुढल्या वर्षी पुन्हा," तो म्हणाला.

बगळा मैदानाच्या कडेच्या, दरवर्षीची नावं कोरलेल्या दगडावर जाऊन बसला. "आता एकच राहिलं. ह्या सामन्याला जबाबदार कोण? नाव सांगा."

झालं. सगळे गारठले. आबासाहेबांनी मनात हिशोब केला. आपल्याच मैदानावर हरलो. मिठीशिवाय खेळलो. उद्या राजाने विचारलं तर? ते दोन पावलं मागे सरले.

"संघाचा काही संबंध नाही," ते म्हणाले. "आमच्या आराखड्यात असलं काही नाही."

"मी फक्त लिहितो," मुंगूस म्हणाला.

"मी फक्त उभा होतो," गेनूतात्या म्हणाला. म्हणताना त्याने खाली बघितलं, हेही सांगून टाकते.

"मग कोण?"

सगळ्यांनी बोट दाखवलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्या संघात एकमत झालं होतं.

"ही! साळू!"

"सर्वस्वी?" बगळ्याने विचारलं.

"सर्वस्वी! आम्ही हिला आधीच सांगत होतो!"

साळूबाई एवढंच म्हणाली, "हो, मीच."

बगळ्याने चोचीने दगडावर नाव कोरलं. मग गळा साफ करून म्हणाला, "वहिवाटीप्रमाणे, होळीच्या सामन्याला जो जबाबदार, त्याच्या ताब्यात पुढल्या होळीपर्यंत मैदान. मैदान साळूबाईचं."

दरवर्षी संघ जिंकलेला असायचा. त्यामुळे बगळ्याचा प्रश्न संपायच्या आत आबासाहेब आपलं नाव सांगायचे आणि हार घालून घ्यायचे. पुढचं वाक्य त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

गवे नदीतून परत गेले. पिल्लं बिळाबाहेर आली आणि मैदानावर लोळली. त्यांना कुणी हटकलं नाही. कोण हटकणार? आईचं मैदान.

पावसाळ्याआधी साथ ओसरली. संघाने पुन्हा बैठक बोलावली. मैदानावर बसायचं होतं म्हणून आधी साळूबाईची परवानगी मागावी लागली. तिने दिली. दोन हात अंतर ठेवून बसा म्हणाली. त्यांनी ठेवलं.

विषय एकच होता. संघाचं मैदान हातचं गेलं, ह्यात चूक कुणाची? आबासाहेबांनी हात झटकले, पण ते अध्यक्ष होते. मुंगसाने थांबवलं नाही, पण त्याचं काम लिहायचं. गेनूतात्या म्हणाला, "माझी थोडी चूक आहे." ते मुंगसाने लिहून घेतलं नाही. साथ गेली ती राजाच्या हुकमाने, असं ठरलं. गवे परतले ते आराखड्याला भिऊन, असंही ठरलं. मग चौकशी समिती नेमली. तिने तीन महिने काम केलं आणि अहवाल दिला. अहवाल दोन ओळींचा होता आणि एकमताने मंजूर झाला.

तात्पर्य: मुलांनो, जंगलात साथ आली तर शहाण्याने आराखडा करावा, खेळू नये. खेळून मैदान वाचवणारीच्या माथी दोष येतो. कधी कधी त्या दोषाबरोबर मैदानही तिच्याकडे जातं, म्हणून दुसऱ्याला दोष देतानासुद्धा जरा हात राखून द्यावा. आणि एवढी खबरदारी घेऊनही काही बिघडलंच, तर घाबरायचं नाही. चौकशी समिती नेमायची. तिला फार शोधाशोध करावी लागत नाही, कारण सगळ्याला जबाबदार एकच असते: साळूबाई.